पाचवा फाऊल

मोसमाचा पहिला सामना सुरू झाला तेव्हा कोर्टवर पाच जणी धावत होत्या, कडेला राखीव खेळाडू सात होत्या आणि खुर्च्या होत्या सहा. सातवी उभी होती.

खुर्ची कुणी मुद्दाम कमी मांडली नव्हती. गेली तीन वर्षं मुलींच्या बास्केटबॉल संघात अकराच जणी होत्या, आणि शिपायाचा हात सवयीनं तेवढ्यावर थांबला होता. बारावी यंदाच आली होती. सगळ्या तिला ‘बारावी’च म्हणायच्या. “बारावी पास झाली का गं?” हा विनोद पहिल्या आठवड्यात चार वेळा झाला, मग तोही कुणी करेनासं झालं.

काय करावं ते न सुचून ती बुटांच्या नाड्यांकडे बघत होती, तेवढ्यात करकर आवाज करत एक खुर्ची तिच्या पोटरीला येऊन टेकली. कुणीतरी ती पायानं ढकलली होती.

“बसा.”

आवाज शेजारच्या टेबलावरून आला. तिथे एक मुलगा गुणतक्त्यावर वाकून बसला होता. बोटांत दोन पेनं, एक निळं, एक लाल. त्यानं वर पाहिलंच नाही.

“पण ही तुमची आहे ना?”

“वेळ मोजणाऱ्या सरांची आहे. ते उभ्यानंच घड्याळ बघतात. बसले की डुलकी लागते त्यांना.”

“मी सगळं ऐकतोय,” घड्याळवाले सर म्हणाले.

ती बसली. पाठ टेकली आणि तिच्या लक्षात आलं, की या हॉलमध्ये आज तिच्याशी बोललेलं हे पहिलंच वाक्य होतं... आणि तेही एका शब्दाचं.

पूर्वीच्या कॉलेजात ती पहिल्या पाचांतली. पण तिथे मुली कमी पडत गेल्या, शेवटी संघच मोडला. निव्वळ खेळायला मिळावं म्हणून तिनं हे कॉलेज धरलं, घर सोडलं, हॉस्टेलवर आली. इथल्या अकरा जणी शाळेपासून एकत्र. त्यांच्यात भांडणं होती, रुसवेफुगवे होते, एकमेकींच्या भावांची टोपणनावंसुद्धा पाठ होती. त्यांनी तिचा दुस्वास केला असता तरी चाललं असतं. दुस्वासात निदान दखल असते. त्या नुसत्या विसरायच्या. सराव संपला की घोळका दारातून बाहेर पडायचा आणि तिच्या तोंडावर दार हळूच मिटायचं. मागे कुणी आहे हे कुणाला ठाऊकच नसायचं.

प्रत्येक सामन्यानंतर ती खोलीवर येऊन गणवेश धुवायची. घामाचा एक थेंब लागलेला नसायचा, तरी धुवायची. मग आईचा फोन यायचा. आई नर्स, पाळी बदलायच्या वेळी वॉर्डच्या जिन्यात उभी राहून बोलायची.

“किती गुण केलेस गं आज?”

“सहा,” ती म्हणायची. कधी “आठ.”

आई खूश व्हायची. फोन ठेवल्यावर खोली आणखी मोठी वाटायची.

टेबलावरच्या मुलाला सगळे ‘चित्रगुप्त’ म्हणायचे. कुणी कितवा गुन्हा केला याची नोंद त्याच्या वहीत. कॉलेजच्या हॉलमधल्या प्रत्येक सामन्याला तोच असायचा. त्याचं टेबल आणि तिची खुर्ची यांत वितीचं अंतर. कोच मॅडमना बाकावर बडबड खपायची नाही, आणि त्याला कोर्टवरून नजर हलवायची सोय नव्हती. त्यामुळे दोघं समोर बघत, ओठ न हलवल्यासारखं करून बोलायची.

“तुमची ओळ सगळ्यात सुंदर आहे बरं का,” दुसऱ्या सामन्यात तो म्हणाला.

“कोरी आहे असं सरळ म्हणा.”

“कोरी कुठे? नाव आहे की. मी नाव नीट काढतो.”

तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. बाकीच्या अकरा जणींची नावं घाईत खरडलेली होती. तिचं मात्र वळणदार अक्षरात, वेलांटीला अंमळ जास्तच वळसा देऊन. तिचे कान गरम झाले. समोर तिच्याच संघाच्या कॅप्टननं अप्रतिम गुण केला. टाळ्या वाजवायला बारावीला उशीर झाला.

तिसऱ्या सामन्यात ती म्हणाली, “आज माझ्या नावापुढे सहा लिहाल?”

“कशाबद्दल?”

“आईला मी दर वेळी तेवढे सांगते.”

पेन थबकलं. मग पुन्हा चालू लागलं. “खोटं मी लिहीत नाही. पण आईंसमोर तोंड उघडणार नाही, एवढं नक्की.”

“माझी आई तुम्हाला कशाला भेटेल?”

“नाही भेटणार?... मग प्रश्नच मिटला.” आणि जरा थांबून, “अहो-जाहो नको करूस. चित्रगुप्त असलो तरी एकवीसच वर्षांचा आहे.”

सामने संपल्यावर ती फ्री थ्रोचा, म्हणजे कुणी न अडवता उभ्यानं नेम साधण्याचा, सराव करायला मागे थांबायची. तोही थांबायचा, तक्त्याची पक्की प्रत काढायला. रिकाम्या हॉलमध्ये चेंडूचा आवाज आणि पेनाची कुरकुर, बस्स. एकदा चेंडू घरंगळत त्याच्या टेबलाखाली गेला. त्यानं तो उचलून तिच्याकडे फेकला. चेंडू तिला सोडून खिडकीच्या जाळीवर आदळला.

ती खळखळून हसली. आपण हसलो तर कसा आवाज येतो, हे ती विसरूनच गेली होती.

“फेकता येत नाही तुला?”

“येत नाही म्हणून तर लिहितो.” तोही हसला, मग तक्ता सारखा करत म्हणाला, “खरं सांगू? सामना संपला की जिंकलेल्या एका घोळक्यात जातात, हरलेल्या दुसऱ्या. मी कुठे जाऊ? टेबलाला संघ नसतो.”

तिला काहीतरी बोलायचं होतं. पण शब्द जुळवेपर्यंत त्यानं पेनाला टोपण लावलं होतं.

संघ जिंकत गेला. बारावीविना जिंकत गेला. उपांत्य सामना घरच्या हॉलमध्ये ठरला आणि त्याच संध्याकाळी आईचा फोन आला.

“रजा मिळाली गं! उद्या दुपारची बस पकडते. तुझा खेळ बघितल्याला किती दिवस झाले.”

दुसऱ्या दिवशी ती टेबलाशेजारी येऊन बसली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता.

“आई येतेय,” ती पुटपुटली. “आज. काय सांगू तिला?”

त्यानं लाल पेनाचं टोपण काढलं. “खरं सांग,” म्हणाला. “एकदाच दुखतं.”

सामना अटीतटीचा झाला. बसला उशीर झाला होता. चारांतला तिसरा डाव सरत आला तरी आईचा पत्ता नव्हता, आणि बारावी मनातल्या मनात म्हणत होती, नकोच येऊस. तेवढ्यात दारातून आई आत आली. खांद्याला पिशवी, पायांत दवाखान्यातलेच पांढरे बूट. प्रेक्षकांत चाचपडत जागा शोधणाऱ्या आईकडे बारावी बघत राहिली. त्याच वेळी कोर्टवर झटापट झाली, शिट्टी वाजली, कोच मॅडम पंचांशी हुज्जत घालू लागल्या, आणि टेबलावर आकड्याची एक पाटी वर होऊन खाली गेली. कितवा आकडा होता, ते बारावीनं पाहिलं नाही.

शेवटच्या डावात सहा मिनिटं उरली असताना कॅप्टननं पुन्हा एकीला अडवलं. शिट्टी. क्षणभरानं टेबलावरचा भोंगा वाजला. चित्रगुप्तानं पाचची पाटी वर धरली होती.

पाच फाऊल म्हणजे खेळाडू बाहेर.

“चारच झालेत माझे!” कॅप्टन ओरडली. पंचांनी तक्ता पाहिला, मान हलवली, दाराकडे नाही तरी बाकाकडे बोट दाखवलं. त्या दिवशी दोघी तापानं आल्या नव्हत्या, दुसऱ्या दोघींचे पाय मुरगळले होते, आणखी दोघी आधीच बाद झाल्या होत्या. उरलेल्या चौघी कोर्टवर होत्याच. कोच मॅडमनी बाकावरून नजर फिरवली, आणि जणू पहिल्यांदाच पाहिल्यासारखं म्हणाल्या, “तू. ऊठ.”

ती उठली. सगळा मोसम साठवलेलं बळ पायांत एकदम आलं. पहिलाच पास तिनं मधल्यामध्ये तोडला आणि धावत जाऊन गुण केला. मग आणखी एक. प्रेक्षकांतून आईचा आवाज तिनं बरोबर ओळखला. सहा मिनिटं ती बारावी नव्हती, पाचांतली एक होती. सगळ्या तिला हाका मारत होत्या, “इकडे! मला दे! सोड!”

शेवटचे चार सेकंद. संघ दोन गुणांनी मागे. तिला पाडलं गेलं आणि एकेका गुणाचे दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला सरळ जाळीत गेला. दुसरा कड्यावर नाचला, एकदा, दोनदा... आणि बाहेर पडला.

एका गुणानं हरल्या.

कपडे बदलायच्या खोलीत बुटांची आदळआपट चालली होती. मग कॅप्टन भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “माझे चारच होते. हिला खेळवायचं होतं त्याला. हिची आई आली होती ना आज! रोज गुलुगुलु चाललेलं असतं दोघांचं. आपल्याच कॉलेजचा मुलगा, आणि आपल्याच गळ्यावर सुरी. क्रीडा विभागात तक्रार देतेच मी आज.”

अकरा नाही, तरी आठ-नऊ चेहरे बारावीकडे वळले. आता मात्र कुणीही तिला विसरलेलं नव्हतं.

बाहेर आई पायरीवर बसली होती. बारावी तिच्याशेजारी बसली आणि एका दमात म्हणाली, “आई, मी या मोसमात आज पहिल्यांदा खेळले. बाकी सगळं खोटं होतं.”

“माहीत आहे.”

“माहीत आहे?”

“सहा, सहा, आठ, सहा. इतकं एकसारखं कुणी खेळतं का, वेडे?” आईनं तिच्या गुडघ्यावरचं खरचटलेलं पुसायला पिशवीतून कापूस काढला. “वॉर्डात रोज पेशंट मला सांगतात, बरं वाटतंय सिस्टर. खरंच कुणाला बरं वाटतंय, ते आवाजावरून कळतं गं. म्हणून तर आले.”

तेव्हा बारावी रडली. आईनं तिला रडू दिलं, मग परतीची बस गाठली. सकाळची पाळी होती.

दुसऱ्या दिवशी चित्रगुप्त तिला ग्रंथालयाच्या व्हरांड्यात भेटला. तिनं विचारायला नको होतं. पण रात्रभर तो एकच किडा डोकं पोखरत होता.

“पाच होते ना रे खरंच?”

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांतलं काहीतरी विझलं, अगदी समोर, तिच्या देखत.

“तूसुद्धा?”

“तसं नाही... तू माझ्यासाठी म्हणून—”

“माझ्याकडे तेवढी एकच गोष्ट आहे,” तो हळू म्हणाला. “जे झालं तेच लिहितो, ही. बाकी मला काही येत नाही. ना खेळता, ना चार माणसांत मिसळता. तीही तुला खरी वाटत नसेल, तर...” वाक्य अर्धवट टाकून तो निघून गेला. व्हरांड्यात हलका पाऊस उडत होता, तिची एक बाही भिजली, तरी ती तिथेच उभी होती.

एकटेपणाची तिला सवय होती. पण हा एकटेपणा तिनं स्वतःच्या हातानं ओढवून घेतला होता, आणि तो फार वेगळा लागत होता.

ती तडक कॅप्टनकडे गेली. कॅप्टन हॉलच्या मागच्या नळावर बूट धूत होती.

“तिसऱ्या डावाच्या शेवटी झटापट झाली,” बारावी म्हणाली. “तेव्हा मी आईकडे बघत होते. पण तू तिथेच होतीस. तो कुणाचा फाऊल होता?”

“तुला काय करायचंय?”

“मला काही नाही. त्याच्यावर आळ आलाय.”

कॅप्टननं बूट घासला, घासला, मग हातातला ब्रश तसाच राहिला. “माझाच होता,” ती म्हणाली. “शिट्टी वाजली, मी ऐकली. पण पाटीकडे बघितलंच नाही मुद्दाम. बघितलं असतं तर चार झाले असते, आणि जपून खेळावं लागलं असतं. शेवटचं वर्ष माझं. जपून नव्हतं खेळायचं.” तिचा आवाज चिरकला. “बाकावर बसून हरताना बघायचं म्हणजे काय असतं, ठाऊक आहे तुला?”

बारावीकडे वर बघता बघता कॅप्टनला आपण कुणाला काय विचारलं ते उमगलं. ती ओशाळली.

“चल,” ती ओले हात कपड्यांना पुसत म्हणाली. “तक्रार मी केली, मीच मागे घेते.”

क्रीडा विभागाच्या सरांनी दोघींचं ऐकून घेतलं आणि चष्मा कपाळावर चढवला. “तक्त्यात काही चूक नाही हे मला कालच दिसलं होतं. पण उशीर केलात. आज सकाळीच त्यानं अर्ज देऊन टेबल सोडलं.” त्यांनी कागद उचलून वाचायला सुरुवात केली:

“‘महोदय, कालच्या सामन्यातील सर्व नोंदी अचूक आहेत. मात्र शेवटच्या सहा मिनिटांत एका खेळाडूचा प्रत्येक चेंडू जाळीत जावा, असे मला मनापासून वाटत होते. पाचव्या फाऊलचा भोंगा वाजवताना माझा हात अडखळला. कारण हा फाऊल नोंदला की ती खेळायला येणार, हे मला ठाऊक होते आणि त्याचा मला आनंद झाला होता. नोंदी खऱ्या आहेत, परंतु नोंद करणारा तटस्थ राहिलेला नाही. सबब मला या कामातून मुक्त करावे. आपला विश्वासू...’”

बारावी टेबलावरच्या टाचणीच्या डबीकडे एकटक बघत होती.

“अगं बाई,” कॅप्टन म्हणाली, “हे तर प्रेमपत्र आहे!”

“हा अर्ज आहे,” सर म्हणाले. “फाईलला लागणार.” पण कागद फाईलला लावण्याआधी त्यांनी तो क्षणभर बारावीसमोर धरला. अक्षर वळणदार होतं.

तो काकांच्या छापखान्यात असतो, एवढं तिला ठाऊक होतं. खाली छापखाना, वर घर. ती पोचली तेव्हा तो छापून आलेल्या कागदांच्या गड्ड्या बांधत होता, कोपरापर्यंत शाई, गालावरही. तिला पाहून त्यानं हात पाठीमागे नेले.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “विचारायलाच नको होतं.”

“विचारणारच कुणीही.”

“मी कुणीही आहे का?”

तो समोरच्या गड्डीची बांधलेली गाठ पुन्हा आवळू लागला. यंत्र धडधडत होतं.

“अर्ज वाचला,” ती म्हणाली. “म्हणजे... वाचून दाखवला. कॅप्टनसमोर.”

त्याचा चेहरा शाई नसलेल्या ठिकाणी लालबुंद झाला.

“उद्या दुपारी हॉस्टेल बंद होतंय. दोन महिने घरी जातेय मी. तेवढंच सांगायला आले होते.” ती वळली. दारापाशी थोडी रेंगाळली, मग गेली.

मागून काकांचा आवाज तिच्या कानावर पडला, यंत्राहूनही मोठा, “अरे बैला! नुसता बघतोस काय? सोडायला तरी जाशील की नाही उद्या?”

तो आला. बस सुटायला पाच मिनिटं असताना, धावत, धाप लागलेला, नखांत अजून शाई. तिची बॅग जड होती. ती फळीवर चढवून द्यायला तो बसमध्ये शिरला, पट्टा कुठेतरी अडकला, तो सोडवेपर्यंत घंटा वाजली आणि बस हलली.

“अरे! उतर ना!”

“पुढच्या थांब्यावर उतरतो,” तो म्हणाला आणि तिनं सरकून दिलेल्या खिडकीच्या जागेवर बसला. घाबरलेला दिसत नव्हता. बहुधा घाबरायचं विसरला होता.

बस चौकात वळली तसा तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागला. बस सरळ झाली. खांदे तसेच राहिले.

“अर्जात एक गोष्ट लिहायची राहिली,” तो खिडकीबाहेर बघत म्हणाला.

“कुठली?”

“तू आवडतेस मला. अर्जात ते... शोभलं नसतं.”

तिला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरले. सगळा मोसम ती कुणाच्यातरी तोंडून आपलं नाव ऐकायला आसुसली होती, आणि आता हे एवढं मोठं काहीतरी समोर येऊन बसलं होतं, आणि पुढचा थांबा दहा मिनिटांवर होता.

“मलाही,” ती म्हणाली. इतक्या हळू की तिला वाटलं, त्याला ऐकूच गेलं नाही. पण त्यानं शाईचं बोट तिच्या करंगळीला टेकवलं आणि तिथेच ठेवलं.

“पुढच्या वर्षी मी कॉलेजात नसेन,” तो म्हणाला.

“शहरात असशील ना?”

“असेन.”

“मग झालं की.”

थांबा आला. तो उतरला. रस्त्याच्या कडेला उभा राहून त्यानं हात केला. काहीतरी म्हणालाही, पण काच बंद होती. ती काच उघडेपर्यंत बस निघाली. तो लहान होत गेला, मग वळणानं त्याला झाकलं.

दोन महिने. फोन असतील, तरी दोन महिने. ती सरकून खिडकीपाशी बसली. जागा अजून उबदार होती.